साखरेची शिदोरी

१९२४ सालच्या एप्रिल महिन्याच्या १९ तारखेस अमेरिकेतील बोस्टन शहरी नित्याप्रमाणे मॅरेथॉनची शर्यत झाली. १८९७ पासून अखंड चालत आलेल्या या शर्यतीत त्या वर्षी पहिला आला तो क्लॅरेन्स डिमार नावाचा, पेशाने मुद्रक असलेला धावपटू. क्रीडेच्या इतिहासात तो दिवस डिमारच्या नावावर नोंदला गेला. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याची नोंद निराळ्या कारणाने झाली आहे. त्या दिवशी बोस्टनच्याच पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयातील सॅम्युएल लेव्हाइन, बर्जेस गॉर्डन आणि त्यांचे सहकारी क्लिफ्टन डेरिक यांनी शर्यत पुरी करून आलेल्या काही धावपटूंचे रक्त तपासले. ज्यांची प्रकृती शेवटपर्यंत ठीक होती, त्यांच्या रक्तातील साखरही बऱ्यापैकी टिकून होती. परंतु जे पांढरेफटक पडले होते, ज्यांचे पाय लटपटत होते, बुद्धी बधिर झाली होती आणि अंगाला दरदरून घाम सुटला होता, त्यांच्या रक्तातील साखर फार खाली उतरलेली आढळली. हे चित्र त्या डॉक्टरांना अगदीच अनोळखी नव्हते. इन्शुलिनची मात्रा अधिक झालेला मधुमेही रुग्ण असाच दिसतो, हे वैद्यकाला गेल्या दोनएक वर्षांत ठाऊक झाले होते.

पुढच्या वर्षी त्यांनी याच शर्यतीत प्रयोगाची दुसरी पायरी गाठली. धावपटूंपैकी काहींना आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ भरपूर खावयास सांगितले आणि शर्यत चालू असताना साखरेच्या वड्या चघळावयास दिल्या. त्यांच्या रक्तातील साखर उतरली नाही आणि त्यांची अवस्थाही पूर्वीच्या वर्षापेक्षा पुष्कळ चांगली राहिली. आज लांब पल्ल्याच्या प्रत्येक शर्यतीत धावपटूच्या हाती गोड पेयाचा पेला दिला जातो, त्याचे मूळ या वड्यांत आहे.

या प्रयोगात भाग घेतलेली माणसे निरोगी होती. त्यांचे स्वादुपिंड शाबूत होते, यकृत तत्पर होते, आणि तरीही सव्वीस मैलांच्या अखेरीस त्यांतील कित्येकांची साखर संपुष्टात आली होती. मग ज्याचे स्वादुपिंड निकामी झाले आहे आणि ज्याने सकाळीच सुईने इन्शुलिन टोचून घेतले आहे, अशा माणसाने हे अंतर धावावयाचे ठरविले तर त्याची गत काय होईल? १९२४ साली हा प्रश्न कोणी विचारलाही नसता. मधुमेही मुलगा जगला, शाळेत गेला, एवढेच तेव्हा अद्‌भुत वाटत होते. या प्रश्नाचे उत्तर मिळावयास पुढे पाऊणशे वर्षे लागली, आणि ते उत्तर जेवढे प्रयोगशाळांतून आले तेवढेच रुग्णांच्या स्वतःच्या वह्यांतूनही आले.

प्रश्नाचे मर्म समजण्यासाठी शरीराचा जमाखर्च थोडा पाहिला पाहिजे. प्रौढ माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून साखर किती असते? सुमारे पाच ग्रॅम. म्हणजे चहाच्या कपात आपण घालतो तसा एक चमचा. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने शंभरएक ग्रॅमचा साठा असतो आणि स्नायूंत त्याच्या तिपटी-चौपटीने अधिक. परंतु स्नायूंतील साठा ज्याचा त्याने वापरावयाचा असतो, तो रक्तात परत येत नाही. धावणारा माणूस मिनिटाला दोन-तीन ग्रॅम पिष्ट सहज जाळतो. यावरून रक्तातला तो एक चमचा किती वेळ पुरणार हे उघड आहे. तो पुरतो याचे कारण यकृत क्षणोक्षणी भर घालीत असते. निरोगी माणसाने पळावयास आरंभ करताच त्याचे स्वादुपिंड इन्शुलिनचा ओघ आखडून घेते आणि ग्लुकॅगॉन या दुसऱ्या स्रावाच्या द्वारे यकृताला कोठार उघडावयाची आज्ञा देते. स्नायूंचे म्हणाल तर त्यांना या वेळी इन्शुलिनची फारशी गरजच उरत नाही. आकुंचन पावणारा स्नायू साखर आत ओढणारी आपली वाहक प्रथिने स्वतःच पेशीच्या पृष्ठभागावर आणतो.

टोचून घेतलेल्या इन्शुलिनचे असे नाही. ते त्वचेखाली एकदा सोडले की परत बोलाविता येत नाही. बाण सुटला तो सुटला. स्नायू आपल्या परीने साखर ओढीत असतात, टोचलेले इन्शुलिन आपल्या परीने ती ओढवीत असते, आणि तेच इन्शुलिन यकृताच्या कोठाराचे दारही लावून घेते. तिन्ही बाजूंनी कोंडी झाल्यावर तो एक चमचा संपावयास कितीसा वेळ लागणार? निरोगी माणसाचे शरीर जे आपोआप करते, ते मधुमेही धावपटूला बुद्धीने, आगाऊ हिशेब मांडून करावे लागते. हा हिशेब माणसाने कसकसा शिकून घेतला, याचीच ही कथा आहे.

श्रम आणि मधुमेह यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक सहज म्हणजे जन्मजात आणि दुसरा अपथ्यामुळे झालेला. पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो, दुसऱ्याचा स्थूल. कृश रोग्याला संस्कारित अन्नपानाने जपावे आणि स्थूलाला अपतर्पणाने हलके करावे, असा त्याचा विवेक आहे. पुढे ज्याला धन नाही, आप्त नाहीत अशा रोग्यासाठी जो उपाय येतो, तो वाचून आजचा वाचक थबकतो. त्याने पायांत वहाणा न घालता, डोक्यावर छत्री न धरता, मिळेल ती भिक्षा खात, एका गावी एकच रात्र राहत, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालत जावे. चार कोसांचे एक योजन धरले तर हे अंतर चारशे कोस होते; आळंदीहून पंढरपूरला जाणारा वारकरी चालतो त्याच्या कितीतरी पट. वाटचाल न जमल्यास विहीर खणण्यासारखे कष्टही त्यात सांगितले आहेत. आजच्या शास्त्राने केलेले मधुमेहाचे दोन प्रकार आणि सुश्रुताचे दोन प्रकार एकच, असे म्हणण्याची घाई मात्र करू नये. तथापि स्थूल रोग्याला चालावयास लावणे आणि कृशाला आधी पोसणे हा भेद ज्याला सुचला, त्याने रोगी नीट पाहिले होते यात संशय नाही.

युरोपात याच निरीक्षणाला एकोणिसाव्या शतकात प्रयोगाचा आधार मिळाला. यकृत साखर साठविते व सोडते हे फ्रान्समधील क्लोद बर्नार याने दाखविले. १८८७ साली शोव्हो आणि कॉफमन या दोघांनी घोड्याच्या जबड्याचा स्नायू अभ्यासाला घेतला. घोडा गवत चावू लागला की त्या स्नायूतून बाहेर पडणाऱ्या रक्तातील साखर कमी होते, असे त्यांना दिसले. काम करणारा स्नायू साखर खातो याचा हा साधा पण निर्विवाद पुरावा होता. त्यापूर्वीच पॅरिसमधील बूशार्दा हा वैद्य आपल्या मधुमेही रुग्णांना अंगमेहनत करावयास लावीत असे. १८७०-७१ च्या वेढ्यात पॅरिसची उपासमार झाली तेव्हा काही रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी झाल्याचे त्याने टिपून ठेवले. नगरावर कोसळलेल्या आपत्तीतूनही वैद्य काही शिकतो, तो असा.

परंतु या साऱ्या उपायांचा लाभ व्हावयाचा तो पोक्त आणि स्थूल रुग्णांना. कोवळ्या वयात मधुमेह झालेल्या मुलाला त्यांचा काही उपयोग नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन याने कडक उपासाची पद्धती रूढ केली. तिने मुलांचे आयुष्य काही महिन्यांनी, क्वचित एक-दोन वर्षांनी वाढत असे. पण ते आयुष्य हाडांच्या सापळ्याचे असे. १९२१-२२ च्या हिवाळ्यात कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांच्या हातून इन्शुलिन सिद्ध झाले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची पहिली सुई टोचली गेली, पण ती फळली नाही. त्याच महिन्याच्या २३ तारखेपासून कॉलिपने शुद्ध केलेला अर्क देण्यात आला, तो मात्र फळला.

याच सुमारास टोरांटोच्या प्रयोगशाळेत कॉलिपला आणखी एक गोष्ट आढळली. अर्क टोचलेल्या सशांची साखर फार उतरली की त्यांना झटके येत, आणि ग्लुकोज दिले की ते पुन्हा उठून बसत. औषधाचे सामर्थ्य मोजावयाचे पहिले माप या सशांवरूनच ठरले. ज्या साखरेपासून मधुमेह्याला जन्मभर दूर ठेवावयाचे तीच साखर त्याचा प्राण वाचविते, हा विरोधाभास येथे प्रथम डोळ्यांपुढे आला. इन्शुलिन घेणाऱ्या प्रत्येकाने खिशात साखरेचे खडे बाळगावेत हा नियम तेव्हापासून चालत आला आहे.

इन्शुलिन आणि श्रम यांची गाठ पडली की काय होते, याचा पहिला नेमका वृत्तान्त लिहिला तो स्वतः मधुमेही असलेल्या एका डॉक्टरने. रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स हा मूळचा स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचा. शल्यविद्येचे शिक्षण घेत असता एका शवाच्या कवटीवर हातोडी चालविताना हाडाचा कपरा त्याच्या डोळ्यात उडाला. त्या जखमेच्या उपचारात १९२० साली त्याला मधुमेह असल्याचे निदान झाले. मरण दूर नाही हे ओळखून, घरच्यांना ते पाहावे लागू नये म्हणून तो इटलीतील फ्लॉरेन्स शहरी जाऊन राहिला. १९२३ च्या वसंतात तो अगदी खंगला असताना लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील त्याच्या मित्राची तार आली. इन्शुलिन मिळाले आहे, ते गुणकारी आहे, ताबडतोब निघून ये, असा तिचा आशय होता. लॉरेन्स मोटारीने अर्धे युरोप ओलांडून लंडनला पोहोचला आणि मे महिन्याच्या अखेरीस त्याला पहिली सुई मिळाली. त्यानंतर तो पंचेचाळीस वर्षे जगला. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराच्या साहाय्याने मधुमेही रुग्णांची संघटना उभारली ती त्यानेच, १९३४ साली. वेल्सही मधुमेहीच होता.

या लॉरेन्सने १९२६ साली इंग्लंडच्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात व्यायामाचा इन्शुलिनच्या कार्यावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. श्रमाने इन्शुलिनचे बळ वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. तेवढीच मात्रा टोचली असता बसून राहणाऱ्याची साखर जितकी उतरेल, त्याहून श्रम करणाऱ्याची पुष्कळ अधिक उतरते. म्हणून श्रमाचा दिवस असेल तेव्हा एक तर इन्शुलिन कमी घ्यावे, नाही तर अन्न वाढवावे. शंभर वर्षांनंतर आजही मधुमेही धावपटूला जे सांगितले जाते त्याचा गाभा एवढाच आहे. बाकीचे सारे म्हणजे किती, केव्हा आणि कशाने, या तीन शब्दांची उकल होय. परंतु ती उकल होणेच दुर्घट होते, कारण साखर मोजण्याचे साधन रुग्णाच्या हाती नव्हते.

बोस्टन आणि लंडन यांच्याप्रमाणेच या कथेत कोपनहेगनलाही स्थान आहे. तेथील ऑगस्ट क्रोग हा स्नायूंच्या रक्ताभिसरणावरील संशोधनासाठी १९२० चे नोबेल पारितोषिक मिळविलेला शास्त्रज्ञ. कष्टाच्या कामात पिष्ट आणि चरबी ही दोन इंधने शरीर कोणत्या प्रमाणात जाळते, याचा अभ्यास त्याने त्याच वर्षी प्रसिद्ध केला होता. त्याची पत्नी मारी ही स्वतः डॉक्टर, आणि तिला मधुमेह जडला होता. १९२२ मध्ये ती दोघे अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना क्रोग टोरांटोला गेला आणि इन्शुलिन तयार करण्याची अनुज्ञा घेऊन मायदेशी परतला. श्रमांचे शास्त्र आणि मधुमेहाचे औषध ही दोन्ही अशा रीतीने एकाच शहरात, जवळजवळ एकाच घरात नांदू लागली. त्याच परंपरेतील क्रिस्टेन्सन आणि हॅन्सन यांनी १९३९ मध्ये असे दाखविले की तासन्‌तास श्रम करून पार थकलेल्या माणसाला ग्लुकोज दिले तर त्याची रक्तशर्करा वर येते आणि तो पुन्हा कामाला लागतो. थकवा हा नुसता स्नायूंचा नसतो, मेंदूही साखरेवाचून थकतो, ही जाणीव त्यातून बळावली.

बोस्टनचा एलियट जॉस्लिन हा त्या काळचा मधुमेहाचा सर्वांत मोठा गुरू. रुग्णाचा रथ आहार, इन्शुलिन आणि व्यायाम या तीन घोड्यांनी चालतो, हा त्याचा आवडता दृष्टान्त. दृष्टान्त सुरेख आहे. परंतु तिसरा घोडा केव्हा उधळेल याचा नेम नव्हता. जॉस्लिनच्याच परिवारातील मार्बल आणि स्मिथ यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की शरीरात पुरेसे इन्शुलिन नसताना व्यायाम केला तर साखर उतरण्याऐवजी चढते. म्हणजे श्रमाच्या धास्तीने इन्शुलिन मुळीच न घेणे हाही मार्ग बंद झाला. अधिक घेतले तर शुद्ध हरपते. फारच कमी घेतले तर साखर आणि रक्तातील आम्ले दोन्ही वाढून जीव धोक्यात येतो. वाट होती ती या दोहोंच्या मधली, अरुंद आणि अंधारी.

अंधारी म्हणावयाचे ते एवढ्याचसाठी की रुग्णापाशी होती ती फक्त लघवीची परीक्षा. निळे द्रावण तापवावे, त्यात लघवीचे थेंब टाकावेत आणि रंग पाहावा. हिरवा, पिवळा की विटकरी, यावरून मागच्या काही तासांत साखर किती वाहून गेली त्याचा अंदाज येई. या क्षणी रक्तात किती आहे, हे त्यातून कळत नसे. आणि साखर उतरत असेल तर लघवी मुळी काहीच बोलत नसे. १९३६ साली कोपनहेगनच्या हॅगेडॉर्नने इन्शुलिनला प्रोटॅमीनची जोड देऊन ते सावकाश पाझरणारे केले. दिवसातून अनेक सुया टोचून घेण्याचा त्रास त्यामुळे वाचला, पण धावणाऱ्याची अडचण मात्र वाढली. सकाळी घेतलेली मात्रा दुपारी केव्हा जोर धरील ते सांगता येईना. अशा स्थितीत बहुसंख्य डॉक्टरांनी मुलांना खेळच वर्ज्य केले, तर त्यांना फार दोष देता येत नाही. दोष द्यावयाचा तर तो या गोष्टीला की ती मनाई पुढे साधने आली तरी सवयीने चालूच राहिली.

मनाई मोडणारे निघालेच. अमेरिकेतील विल्यम टॅलबर्ट याला वयाच्या दहाव्या वर्षी मधुमेह जडला. काही वर्षे खेळांपासून दूर राहिल्यावर तो टेनिसकडे वळला, आणि गार्डनर मुलॉयच्या जोडीने १९४२ ते १९४८ या काळात त्याने आपल्या देशाचे दुहेरीचे विजेतेपद चार वेळा पटकावले. पाच-पाच डाव चालणारा सामना उन्हात खेळताना घाम, धाप, थरथर ही लक्षणे कोणाला होत नाहीत? नेमकी हीच लक्षणे साखर उतरल्याचीही असतात. मधुमेही खेळाडूपुढचा सर्वांत कठीण पेच तो हा. घरात बसलेल्या माणसाला अचानक घाम सुटला तर तो सावध होतो. धावणाऱ्याला सुटला तर त्यात नवल ते काय? इशारा देणारी घंटा एरवीच्या गलबल्यात बुडून जाते आणि पुढे विचारशक्तीच मंदावल्यावर आपण मंदावलो आहोत हेही त्याला उमगत नाही. टॅलबर्टच्या पिढीने या घंटेचा सूक्ष्म नाद ओळखावयास कान तयार केले. ते कौशल्य त्यांच्याबरोबरच गेले, कारण ते शब्दांत मांडता येण्यासारखे नव्हते.

ते आकड्यांत मांडता येऊ लागले तेव्हा परिस्थिती पालटली. १९६५ च्या सुमारास रक्ताचा थेंब टाकला असता रंग बदलणाऱ्या पट्ट्या निघाल्या, आणि १९७० च्या आसपास त्या पट्टीवरील रंग मोजणारे यंत्र अमेरिकेत विक्रीस आले. ते अवजड यंत्र रुग्णालयांसाठी होते. बेशुद्ध होऊन आलेला माणूस दारूने बेशुद्ध आहे की साखर उतरल्याने, हे रात्रीच्या वेळी झटकन कळावे हा त्याचा एक उपयोग. ते विकावयाचे फक्त डॉक्टरांना. बाराव्या वर्षापासून मधुमेही असलेला रिचर्ड बर्नस्टाइन हा अभियंता. त्याची पत्नी डॉक्टर असल्यामुळे तिच्या नावे त्याने ते मिळविले आणि तो दिवसातून अनेक वेळा स्वतःचे रक्त तपासू लागला. अभियंत्याला प्रत्येक यंत्राचा काटा पाहावयाची सवय असते. त्याने आपल्या देहाचा काटा पाहिला. वैद्यकीय जगाने त्याचे म्हणणे सहजी ऐकले नाही, तेव्हा त्याने पंचेचाळिशीच्या सुमारास वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि स्वतःच डॉक्टर झाला. घरच्या घरी रक्त तपासण्याची प्रथा सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस सर्वत्र मान्य झाली.

आता शंकांची उत्तरे वेगाने मिळू लागली. १९७८ साली कोइव्हिस्टो आणि फेलिग यांनी दाखविले की मांडीत टोचलेले इन्शुलिन पायांचा व्यायाम सुरू होताच अधिक लवकर रक्तात शिरते. दंडात किंवा पोटावर टोचले तर तसे होत नाही. शर्यतीच्या दिवशी सुई कोठे टोचावी, इतकी साधी गोष्ट कळावयास पन्नासांहून अधिक वर्षे लागली होती. तत्पूर्वी १९६६ मध्ये स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी एका पायाने सायकल चालवून पाहिली, आणि रिकामा झालेला स्नायू पुढे कित्येक तास, किंबहुना दोन-तीन दिवस, साखर शोषून आपले कोठार पूर्वीपेक्षाही अधिक भरून घेतो, असे सिद्ध केले. निरोगी धावपटूंना ही आनंदवार्ता होती. मधुमेह्याला मात्र तिचा अर्थ निराळा होता. शर्यत संपली, पदक गळ्यात पडले, माणूस जेवून झोपला. स्नायूंची साखरेची भूक मात्र झोपत नाही. १९८७ मध्ये मॅक्डॉनल्ड या अमेरिकन वैद्याने तरुण रुग्णांचा अभ्यास करून दाखविले की व्यायामानंतर सहा ते पंधरा तासांनीदेखील, बहुधा रात्री झोपेत, साखर धोकादायक रीतीने उतरते. धावताना सावध असलेल्या माणसावर रात्री घाला पडतो. लांब अंतर धावलेल्या मधुमेह्याने त्या रात्रीचे इन्शुलिन कमी करावे आणि निजण्यापूर्वी काही खावे, हा नियम त्यानंतर रूढ झाला. यापूर्वी किती घरांत मध्यरात्री आईने मुलाला हलवून साखरपाणी पाजले असेल, त्याची गणती कोणत्याच नियतकालिकात नाही.

अनुभवांची देवघेव व्हावी म्हणून १९८५ मध्ये पॉला हार्पर या मधुमेही मॅरेथॉनपटू परिचारिकेने अमेरिकेत अशा खेळाडूंची संघटना काढली. परंतु सामान्य जनांच्या मनावर ठसा उमटला तो वलयांकित नावांमुळे. पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज वसीम अक्रम याला १९९७ मध्ये मधुमेह झाल्याचे कळले आणि तो त्यानंतरही २००३ पर्यंत खेळत राहिला. त्याच वर्षी इंग्लंडचा नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यालाही तेच निदान ऐकावे लागले. चार ऑलिंपिकांत चार सुवर्णपदके जिंकलेल्या, पस्तिशीतल्या या खेळाडूची कारकीर्द संपली असे अनेकांस वाटले. नौकाशर्यत सहा मिनिटांची असली तरी तिची तयारी रोज कित्येक तासांची असते, आणि त्यासाठी लागणारे अन्न साध्या माणसाच्या दुपटीहून अधिक. मधुमेह्याचा ठराविक मोजका आहार घेऊन ही मेहनत होणे शक्य नव्हते. तेव्हा क्रम उलटा करण्यात आला. अन्न इन्शुलिनला जुळवून घेण्याऐवजी इन्शुलिन अन्नाला जुळवून घेतले गेले. दिवसातून अनेक वेळा रक्ततपासणी, अनेक वेळा आहार, आणि प्रत्येक वेळी वेगळी मात्रा. २००० च्या सप्टेंबरात सिडनी येथे त्याच्या चौघांच्या नावेने इटलीच्या नावेला ३८ शतांश सेकंदांनी मागे टाकले. हे पाचवे सुवर्णपदक मधुमेहाच्या इतिहासात लॉरेन्सच्या निबंधाइतकेच महत्त्वाचे मानावयास हरकत नाही. निबंध डॉक्टरांनी वाचला. ही शर्यत मधुमेही मुलांच्या आईबापांनी पाहिली.

त्यानंतरची वाटचाल अंतरे वाढविणारी आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे तीन हजार मैल रात्रंदिवस चालणारी सायकल-शर्यत २००७ साली आठ मधुमेही सायकलपटूंच्या संघाने सांघिक गटात जिंकली. त्याच चळवळीतून पुढे केवळ मधुमेह्यांचा व्यावसायिक सायकल-संघ २०१३ पासून युरोपच्या रस्त्यांवर उतरला. इटलीतील मिलान ते सान रेमो ही जवळजवळ तीनशे किलोमीटरांची, सात तासांच्या आसपास चालणारी शर्यतही त्याने केली आहे. या संघाला पैसा पुरविणारी कंपनी इन्शुलिन विकणारी आहे आणि तिची वंशावळ क्रोगच्या कोपनहेगनपर्यंत जाऊन भिडते. यात जाहिरात आहे, हे कोणी नाकारणार नाही. पण सात तास सायकल मारणाऱ्याचे पाय जाहिरातीने फिरत नाहीत.

या सर्व अनुभवांचे सार २०१७ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन नोंदले. दीर्घ श्रमास आरंभ करताना शंभर घन सेंटिमीटर रक्तात साखर साधारण १२६ ते १८० मिलिग्रॅम असावी. निरोगी माणसाची उपाशीपोटी असते तीहून थोडी अधिक, कारण ती उतरणार हे गृहीत धरावयाचे. जेवणाबरोबर घ्यावयाच्या इन्शुलिनची मात्रा त्याआधीच्या जेवणाला कमी करावी. इन्शुलिन कमी केले नसेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम, आणि प्रसंगी त्याहूनही अधिक पिष्ट पोटात जावे. आकडे प्रत्येकाचे निराळे असतात, आणि ते आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, आपल्याच वहीतून शोधावे लागतात. थोड्या अंतराची वेगाची धाव साखर उतरविण्याऐवजी चढविते, कारण त्या वेळी अंगात उसळणारे ॲड्रिनॅलिन यकृताचे कोठार उघडते. काल साखर फार उतरली असेल तर आज शरीराचा प्रतिकार दुबळा असतो आणि ती पुन्हा उतरण्याचा संभव वाढतो. हवा थंड की उष्ण, चढ की उतार, रात्रीची झोप कशी झाली, या प्रत्येक गोष्टीचा त्या हिशेबात आकडा मांडावा लागतो.

हिशेब ठेवावयास आता यंत्रे आली आहेत. त्वचेखाली बसणारा पहिला संवेदक १९९९ मध्ये अमेरिकेत मान्य झाला, तेव्हा तो तीन दिवसांची साखर टिपून ठेवी आणि ती मागाहून डॉक्टर वाचीत. आज तो दर काही मिनिटांनी मनगटावरील घड्याळात आकडा आणि साखर कोणत्या दिशेस चालली आहे ते दाखवितो, आणि रात्री ती उतरू लागली तर झोपलेल्याला जागे करतो. २०१७ पासून संवेदकाचे ऐकून इन्शुलिन कमीजास्त सोडणारे पंपही मिळू लागले आहेत. भारतातही ही साधने पोहोचली आहेत, मात्र त्यांची किंमत देऊ शकणारे थोडे आहेत.

तथापि दोन अडचणी अद्याप उरल्या आहेत. संवेदक साखर मोजतो ती रक्तातील नव्हे, पेशींच्या भोवतालच्या द्रवातील. ती रक्ताच्या काही मिनिटे मागे असते, आणि धावताना नेमके हेच अंतर वाढते. दुसरी अडचण त्याहून जुनी आहे. पंपाने साखर उतरताना पाहून इन्शुलिन थांबविले तरी आधी सोडलेले त्वचेखाली असतेच, आणि त्याचा अंमल ओसरावयास तासाहून अधिक काळ लागतो. म्हणून आजच्या अत्यंत चतुर पंपालाही, आपण धावावयास निघणार आहोत, ही वर्दी मालकाने शर्यतीच्या तासभर, शक्य तर दोन तास आधी द्यावी लागते. ती दिल्यावर तो वही उघडून आकडा पाहतो, खिशातील साखरेच्या वड्या मोजतो, त्यांत आणखी दोन टाकतो आणि बुटांच्या नाड्या बांधावयास बसतो.